पॉलिश मारू का? जुन्या आणि नव्या महागड्या घड्याळांची किंमत कशी काढतात

नागपुरात बर्डीवर किंवा सदरमध्ये घड्याळ सर्व्हिसिंगला टाकलं की कारागीर हमखास विचारतो, "पॉलिशही मारून देऊ का? एकदम नवं दिसेल." चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या घड्याळाला हो म्हटलं तर फारसं बिघडत नाही. पण आजोबांच्या १९६० च्या दशकातल्या ओमेगाला हो म्हटलं, तर बफच्या चाकावरच्या दहा मिनिटांत किमतीचा मोठा तुकडा धुळीबरोबर उडून जातो. काम तेच, हात तोच. एका घड्याळाची ती साफसफाई होते, दुसऱ्याचं नुकसान.

याचं कारण असं, की संग्राहक जुनं आणि नवं घड्याळ एकाच तराजूत तोलत नाहीत. नव्या घड्याळात काय काय आहे ते मोजतात: वॉरंटी कार्ड, डबा, चेनच्या सगळ्या कड्या, बाजारात तो नग सहज मिळतो की नाही. जुन्यात काय काय झालेलं नाही ते मोजतात: डायल रंगवलेली नाही, काटे बदललेले नाहीत, केस (घड्याळाचं धातूचं आवरण) घासलेली नाही. खालची सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे.

सोबत एवढं सामान ठेवा: १० पट मोठं दाखवणारं भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, पट्ट्याच्या स्प्रिंग बार (पट्टा अडकवणाऱ्या बारीक दांड्या) काढायचं हत्यार आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड. मागचं झाकण उघडायचं हत्यार मुद्दाम सांगत नाही. ते काम कारागिराचं आहे. झाकणावर उमटलेले ओरखडे कायमचे राहतात.

आधी काळ ठरवा

नुसतं "जुनं आहे" म्हणून भागत नाही. व्यवहारात तीन कप्पे पडतात: साधारण १९८० च्या आधीची घड्याळं, १९८० च्या दशकापासून २००५ च्या आसपासपर्यंतची मधली घड्याळं, आणि त्यानंतरची आधुनिक. या सीमा कुणी कायद्याने आखलेल्या नाहीत, पण कोणती तपासणी लागू करायची हे त्यावरून ठरतं.

रोलेक्स सबमरिनरच्या पिढ्या बघितल्या की हे स्पष्ट होतं. १९६२ च्या सुमारास आलेला ५५१३ हा नग पार १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होता: प्लास्टिकची घुमटाकार काच, तारीख नाही, अॅल्युमिनियमची बेझल (काचेभोवतीचं कडं). १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या १६६१० मध्ये सफायरची (कृत्रिम नीलमण्याची) काच आणि ३१३५ हे मशीन होतं, बेझल मात्र अॅल्युमिनियमचीच राहिली. २०१० च्या ११६६१० मध्ये बेझल सिरॅमिकची झाली. २०२० च्या १२६६१० ची केस ४१ मिलिमीटरची झाली आणि मशीन ३२३५, एकदा पूर्ण चावी भरली की ७० तास चालणारं. आधीचं ३१३५ सुमारे ४८ तास चालायचं. कामाच्या हिशेबाने बघाल तर शेवटचा नग प्रत्येक बाबतीत सरस आहे. तरी चांगल्या अवस्थेतल्या ५५१३ साठी लोक नव्या नगाइतके, कधी त्याहून जास्त पैसे मोजतात, कारण त्या खरेदीत वेळ किती अचूक दाखवतो हा प्रश्नच नसतो.

काच ओळखायला सोपी रीत आहे. नखाने हलकेच टिचकी मारा. प्लास्टिकचा आवाज बोदा येतो आणि अंगावर बारीक केसासारखे ओरखडे दिसतात. सफायर गार लागते आणि तिच्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोल बसून राहतो.

मग नंबर बघा. रोलेक्सचा पट्टा काढला की १२ च्या बाजूला दोन कानांच्या (पट्टा जोडायच्या टोकांच्या) मध्ये मॉडेलचा रेफरन्स नंबर आणि ६ च्या बाजूला सिरियल नंबर कोरलेला दिसतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत सिरियल काचेच्या आतल्या उभ्या कड्यावर आला. २०१० च्या सुमारापासून तो सरमिसळ अक्षर-अंकांचा आहे, त्यामुळे त्यावरून वर्ष निघत नाही. अशा घड्याळाचं वर्ष कार्डावरूनच कळतं. जुन्या ओमेगात रेफरन्स झाकणाच्या आतल्या बाजूला असतो आणि सिरियल मशीनवर. २ कोटी ४० लाखांच्या घरातला सिरियल साधारण १९६६-६७ चा. झाकणाच्या आतला रेफरन्स एका काळातला आणि मशीनचा नंबर दहा वर्षं पुढचा निघाला, तर दोन घड्याळांचं एक केलेलं आहे असं समजा.

डायल: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

जुन्या घड्याळाच्या किमतीचा सर्वात मोठा वाटा डायलचा असतो. मशीन दुरुस्त होतं, काच बदलते, चावी (बाजूची फिरवायची गुंडी) मिळते. पन्नास वर्षांपूर्वीची मूळ छपाई मात्र पुन्हा होत नाही.

पहिलं काम, ६ च्या खालची बारीक अक्षरं वाचा. अंधारात चमकणाऱ्या मसाल्याची सगळी कुंडली तिथे असते. आपल्याकडे चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूला रेडियम म्हणतात, गाडीच्या नंबरप्लेटच्या स्टिकरलासुद्धा. पण घड्याळातलं खरं रेडियम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मागे पडलं. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रिटियम वापरलं जायचं. अशा बहुतेक डायलवर 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना रोमन 'टी' अक्षर असतं, किंवा 'टी' पुढे २५ पेक्षा कमी अशी खूण असते. १९९८ च्या सुमारास किरणोत्सर्गी नसलेलं ल्युमिनोवा आलं आणि ती खूण गेली. रोलेक्सच्या डायलवर थोडा काळ नुसतं 'स्विस' होतं, मग 'स्विस मेड'.

आता खोलीत अंधार करून टॉर्च मारा आणि बंद करा. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं आहे, शिवाय मसाल्यातला चमकणारा पदार्थही थकलेला असतो. म्हणून १९७० च्या दशकातली मूळ डायल टॉर्चखाली फिकट उजळते आणि टॉर्च विझताच एक-दोन सेकंदांत मावळते. तीच डायल मिनिटभर हिरवीगार चमकत राहिली, तर मसाला नव्याने भरलेला आहे किंवा कंपनीने सर्व्हिसच्या वेळी नवी डायल बसवली आहे. काटे आणि डायल सारखेच वागायला हवेत. डायलवरचे ठिपके मलईसारखे पिवळसर आणि काटे पांढरे शुभ्र दिसले, तर काटे बदललेत.

रेडियमच्या डायलबद्दल एक सावधगिरी. रेडियम २२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. अशी घड्याळं उघडून मसाला खरवडू नका, त्याची पूड श्वासात जाणं घातक आहे. त्यातून रेडॉन वायूही निघतो, म्हणून ती झोपायच्या खोलीत बंद डब्यात साठवू नयेत, हवेशीर जागी ठेवावीत.

दुसरं काम, भिंगाखाली छपाई. मूळ डायलची अक्षरं पॅड प्रिंटिंगने उमटवलेली असतात. कडा धारदार, शाई सगळीकडे सारख्या जाडीची. रंगवलेल्या डायलवर अक्षरं फुगीर, कडांना शाई पसरलेली. मिनिटांच्या रेषा नीट मोजा आणि बघा की त्या तासाच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का. खुणांच्या पायाशी रंगाचं वर्तुळ साचलंय का? तारखेच्या खिडकीच्या कापलेल्या कडेवर रंग चढलाय का? डायलच्या बाहेरच्या कडेला एखादी छोटी खाच दिसते का? रंगारी पुन्हा छापताना डायल सरळ बसावी म्हणून ती खाच पाडतो. स्विस घड्याळावर 'स्विस' शब्द गायब असेल किंवा ट्रिटियमच्या काळातल्या डायलवर मसाल्याचे ठिपके असून 'टी' नसेल, तर संशय बळावतो. त्याच रेफरन्सच्या किमान पाच-सहा खात्रीच्या नगांचे मोठे फोटो शेजारी ठेवूनच हे करा. आठवणीवर विसंबू नका.

या कामाचा सराव स्वस्तात करता येतो, आणि तो आपल्याच देशात. जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' नावाने ओळखतात ती घड्याळं म्हणजे भडक लाल-निळ्या-पिवळ्या रंगात पुन्हा रंगवलेल्या डायलचे सीको, कॅमी, फाव्र-ल्युबा आणि एचएमटी पायलट. एचएमटीचा घड्याळ कारखाना बंगळुरूत १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला आणि २०१६ मध्ये कंपनीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय झाला. त्यानंतर मागणी वाढली आणि रंगारी जोरात कामाला लागले. घरातला लग्नात मिळालेला, कधीही न उघडलेला एचएमटीचा जनता किंवा कोहिनूर आणि ऑनलाइन मिळणारा चकचकीत पायलट भिंगाखाली शेजारी शेजारी धरा. अर्ध्या तासात नजर तयार होते. ही नजर न कमावता थेट लाखाच्या घड्याळाला हात घालणं म्हणजे पोहणं न शिकता अंबाझरी तलावात उडी मारणं.

आता गंमत अशी की डायल खराब होणंही दोन प्रकारचं असतं. काळी डायल उन्हाने एकसारखी तपकिरी झाली तर तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि जास्त पैसे देतात. ओलीमुळे लॅकर फुगून डाग पडले, तर तेच नुकसान. फरक एकसारखेपणाचा. रोलेक्स डेटोना १६५२० च्या १९९० च्या दशकातल्या काही डायलवर छोट्या तबकड्यांच्या कडांचं वार्निश ऑक्सिडेशनने तपकिरी झालं. तो उत्पादनातला दोष होता, पण आज संग्राहक असा नग शोधत फिरतात.

नव्या घड्याळात यातलं काहीच लागू होत नाही. ल्युमिनोवा पिवळं पडत नाही, सिरॅमिकची बेझल फिकी होत नाही. आजच्या घड्याळाला पन्नास वर्षांनी असा रंग चढणारच नाही, म्हणून त्याच्या भावी किमतीचा अंदाज जुन्यांच्या आलेखावरून बांधणं आम्हाला भाबडेपणाचं वाटतं. आधुनिक डायलची तपासणी तीन मिनिटांत होते: छपाई, मसाल्याची एकसारखी चमक, आणि बाहेरून हिरे बसवलेले नाहीत ना. बाहेरच्या कारागिराने हिरे जडवलेलं घड्याळ दिसायला महाग आणि विकायला फार अवघड असतं.

केसच्या कडा

केस बाजूने, उजेडाच्या एकाच झोतात धरा. पट्टा जोडणाऱ्या चारही कानांच्या तिरक्या कडा सारख्या रुंदीच्या आणि धारदार आहेत का? बफिंगने आधी हीच कड जाते. कान साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले असतील तर घड्याळ अनेकदा घासलंय. कानांमधली स्प्रिंग बारची आरपार भोकं कडेच्या अगदी जवळ आली असतील, तर बराच धातू गेला. जुन्या ओमेगा सीमास्टरच्या झाकणावरचा समुद्री घोडा किंवा कॉन्स्टेलेशनवरची वेधशाळा किती उठावदार राहिलीय ते बघा. ते चित्र म्हणजे पॉलिशचं मोजमापच. कॅलिपरने कानांची जाडी चारही ठिकाणी मोजा. एका बाजूला ०.२ मिलिमीटरचा फरक आला तरी विचारा.

हल्ली लेझर वेल्डिंगने कानांवर धातू चढवून कडा पुन्हा कापून देतात. काम सुंदर होतं आणि ओळखू येणं कठीण. पण ते लपवलं तर फसवणूक, सांगितलं तर दुरुस्ती. विकणाऱ्याला थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सोन्याच्या केसवर छाप बघा. १८ कॅरेटच्या स्विस सोन्यावर ७५० चा आकडा आणि १९९५ पर्यंतच्या नगांवर हेल्व्हेशियाचं (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) शिर, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं शिर असतं. छाप अर्धी पुसलेली म्हणजे केस घासलेली. इतवारीच्या सराफ्यात मशीनवर टंच बघून घेता येतो, पण कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. आणि सोन्याच्या वजनाचा भाव हा तळ समजा, किंमत नव्हे. सराफा मशीन आणि डायल फेकून केस वितळवायच्या हिशेबाने बोलतो. मायक्रॉनमध्ये लिहिलेला मुलामा असेल तर टंच काढायचं कारणच नाही.

नागपुरात गिरण्या, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्तीला दिलेली, झाकणावर नाव-तारीख कोरलेली घड्याळं पुष्कळ घरांत आहेत. कोरीव मजकुराने किंमत थोडी उतरते. तो घासून काढल्याने मात्र जास्त उतरते, कारण झाकण पातळ होतं आणि कागद नसताना तीच एक ओळख असते. अभिनेते पॉल न्यूमन यांच्या डेटोनाच्या झाकणावर गाडी जपून चालव अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेला होता. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. सगळ्यांचे कोरीव मजकूर त्या तोलाचे नसतात, हे वेगळं सांगायला नको.

चेन आडवी धरून बघा. जुन्या चेनच्या कड्या पोकळ असतात, पिना झिजतात आणि चेन केळीसारखी खाली वाकते. थोडं वाकणं चालतं. कड्यांची संख्या मोजा: नव्या घड्याळात काढलेल्या कड्या परत मिळाल्या नाहीत तर नव्या कडीची कंपनी किंमत थेट वजा करा.

मशीन

पूर्ण चावी भरून टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) डायल वर करून ३० सेकंद, मग चावी खाली करून ३० सेकंद ठेवा. यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन, ज्यावरून यंत्र हिशेब करतं) बरोबर टाकायला हवा: रोलेक्स ३१३५ ला ५२ अंश, ओमेगाच्या ५६० मालिकेतल्या मशीनना ४९. चुकीचा टाकला तर अॅम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका किती अंशांचा, तो आकडा) खोटा येतो आणि चांगलं मशीन वाईट वाटतं. डायल वर असताना २७० ते ३१० अंश म्हणजे तब्येत ठीक. पूर्ण चावीनंतरही २२० च्या खाली आला तर तेल वाळलंय, सर्व्हिस आलीच. बीट एरर (टिक आणि टॉकच्या वेळांतला फरक) ०.८ मिलिसेकंदांच्या आत हवा.

वेळेच्या चुकीकडे मात्र वयाप्रमाणे बघायचं. २०१५ नंतरची रोलेक्स दिवसाला २ सेकंदांच्या आत राहायला हवी, कंपनीच तसं सांगते. १९६० च्या दशकातलं, तासाला १९,८०० ठोके देणारं मशीन दिवसाला १५ सेकंद पुढे गेलं तर किंमत कमी करायचं कारण नाही.

कारागिराकडून झाकण उघडलं की स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा बघा. त्या चिरडलेल्या असतील तर अनाडी हात लागून गेलाय. चावीच्या दांड्याभोवती गंज आहे का बघा, ओल तिथूनच शिरते. ऑटोमॅटिक असेल तर रोटरने (हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनाने) घासून झाकणाच्या आत वर्तुळ पाडलंय का तेही. गंज दिसला तर किंमत बोलणं तिथेच थांबवा आणि आधी सुट्या भागांची उपलब्धता विचारा. भाग मिळत नसलेल्या मशीनचा गंज म्हणजे उघडा खर्च.

सर्व्हिसला देताना चिठ्ठीवर लिहा: डायल, काटे, बेझल आणि चावी बदलू नये, केस-चेन पॉलिश करू नये, बदललेला प्रत्येक भाग परत द्यावा. जुन्या घड्याळासाठी कंपनीच्या केंद्रापेक्षा जाणता स्वतंत्र कारागीर बरा पडतो, कारण कंपनीचं काम घड्याळ नव्यासारखं करून देणं हे असतं आणि बदललेले भाग परत मिळण्याची खात्री नसते. नव्याचं बरोबर उलटं: कंपनीच्या केंद्रातच द्या. तिथली सर्व्हिस-पावती किंमत वाढवते.

कागद

आधुनिक घड्याळाचं वॉरंटी कार्ड नसेल, तर घड्याळ चोरीचं असण्याची शंका घेऊनच गिऱ्हाईक बोलतं. त्यामुळे किंमत दहा ते वीस टक्के उतरलेली दिसते. जुन्या घड्याळाचे कागद हरवलेले असणंच स्वाभाविक आहे. उलट १९६० च्या दशकातल्या साध्या घड्याळाबरोबर कोरा करकरीत डबा आणि पावती आली, तर जास्त सावध व्हा. जुने डबे वेगळे विकत मिळतात. पाटेक फिलिप आणि लाँजिन आपल्या दप्तरातून जुन्या नगाच्या उत्पादनाचा उतारा देतात, रोलेक्स देत नाही. उतारा हा घड्याळ कधी बनलं ते सांगतो. आज तुमच्या हातातले भाग तेच आहेत, असं सांगत नाही.

कागदावर किती भिस्त ठेवावी याचा मोठा धडा २०२१ च्या जिनिव्हा लिलावाने दिला. १९५७ च्या पहिल्या मालिकेतली, सुंदर तपकिरी डायलची ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेली. २०२३ मध्ये उघड झालं की ती वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेली होती, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं ओमेगाने सांगितलं.

आकडा काढायचा तो असा

आधी त्याच रेफरन्सच्या निर्दोष नगाची *विकली गेलेली* किंमत शोधा. मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. लिलावातल्या किमतीत गिऱ्हाइकाने भरलेला लिलावगृहाचा हिस्सा धरलाय की नाही ते बघा. तो सहज २५ टक्क्यांच्या आसपास असतो. किमान पाच व्यवहार घ्या, सर्वात वरचा आणि सर्वात खालचा सोडा.

त्या किमतीला १०० धरा आणि दोष वजा न करता गुणत जा. हे आमचे ढोबळ गुणक आहेत, बाजाराचा कायदा नव्हे. जुन्या स्पोर्ट घड्याळाची डायल कंपनीनेच नंतर बदललेली असेल तर ०.६, बाहेर रंगवलेली असेल तर ०.४ ते ०.५. केस जोरात घासलेली, ०.८. काटे बदललेले, ०.९. म्हणजे बदललेली डायल आणि घासलेली केस मिळून १०० × ०.६ × ०.८ = ४८. शेवटी सर्व्हिसचं खरं कोटेशन रुपयांत वजा करा. कागद नसल्याबद्दल जुन्यात काहीच कापू नका.

नव्यात हिशेब छोटा आहे. पूर्ण सेट (डबा, कार्ड, सगळ्या कड्या) आणि न वापरलेलं म्हणजे १००. वापरलेलं पण पूर्ण सेट, ०.९, कार्ड नाही, आणखी ०.८५, हलकं पॉलिश, ०.९७. इथे मोठा प्रश्न वेगळाच असतो: ते मॉडेल दुकानात मिळतं का? शोरूममध्ये सहज मिळणारं घड्याळ बाहेर पडताच छापील किमतीखाली जातं. ज्याला वाट बघावी लागते ते वर जातं, आणि हा वरचा भाग हवेसारखा असतो. पाटेक फिलिप नॉटिलस ५७११ बंद होत असल्याची बातमी २०२१ मध्ये आली, २०२२ च्या सुरुवातीला भाव शिगेला पोचले आणि मग घसरले. घड्याळात काहीच बदललं नव्हतं. म्हणून नव्या घड्याळाची बाजारभावाची नोंद तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर ती फेकून द्या. जुन्यासाठी दोन वर्षांपूर्वीचा व्यवहारही कामाचा असतो.

परदेशातला भाव रुपयांत करून इथे लावायची घाई नको. भारताच्या परराष्ट्र व्यापार धोरणात वापरलेल्या वस्तूंची आयात, भांडवली माल सोडून, निर्बंधित वर्गात आहे. परवानगीशिवाय जुनं घड्याळ कुरिअरने मागवलं तर ते कस्टममध्ये अडकू शकतं. नव्या स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या एफ्टा देशांबरोबरच्या (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन) करारामुळे टप्प्याटप्प्याने कमी व्हायचं आहे. वापरलेल्या आधुनिक घड्याळांच्या किमतीवर त्याचा दाब येईल. १९६० च्या डायलवर तो येण्याचं कारण दिसत नाही.

व्यवहार

सिरियल नंबर लंडनच्या वॉच रजिस्टरसारख्या चोरीच्या नोंदींत तपासून घ्या. विकणाऱ्याची ओळखपत्राची प्रत, नंबर, डायल-काटे-केसबद्दलची विधानं आणि दोघांच्या सह्या एका कागदावर हव्यात. रोख ₹२ लाख किंवा जास्त घेणं आयकर कायद्याने चालत नाही. २२ एप्रिल २०२५ पासून ₹१० लाखांहून महाग मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) घेतो. तो विवरणपत्रात मागता येतो, तेव्हा पावती जपा. १०० वर्षांहून जुनं घड्याळ पुरावस्तू कायद्यात येऊ शकतं, ते परदेशी विकायला काढू नका.

विकताना एक फरक लक्षात असू द्या. आधुनिक, पूर्ण सेटचं घड्याळ मुंबईच्या व्यापाऱ्याला फोटोवरही विकता येतं. जुनं घड्याळ हातात घेऊन बघणाराच खरी किंमत देतो, आणि असं गिऱ्हाईक नागपुरात चटकन मिळेलच असं नाही. दोन-चार महिने थांबायची तयारी नसेल तर खरेदी करतानाच ती अडचण किमतीत धरा.

नागपुरात सांभाळताना

नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ४५-४६ अंशांना बाहेरची हवा कोरडी असते, पण घरात कूलर चालू असतो आणि त्याचा झोत म्हणजे ओली हवा. कूलरच्या खोलीतलं कपाट जुन्या घड्याळासाठी वाईट जागा आहे. रबरी गॅस्केट (पाणी अडवणारी वळी) उन्हाळ्यात कडक होतात आणि पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात ओल आत घेतात. हवाबंद डब्यात २० ग्रॅम सिलिका जेलची पुडी ठेवा आणि मण्यांचा रंग बदलला की ते सुमारे ११० अंशांवर सुकवून परत वापरा. रेडियमच्या डायल या डब्यात नकोत, कारण वर सांगितलंच आहे. कातडी पट्टा काढून वेगळा ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर कोणतंच घड्याळ नको.

आत ओल आहे का हे बघायला घड्याळ ४० अंशांच्या आसपास गरम असावं लागतं. मे महिन्यात वेगळं तापवायची गरज नाही. काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभराने पुसा. त्या जागी आतून धुकं दिसलं तर ओल आहे. प्लास्टिक काचेच्या जुन्या घड्याळावर ३० मीटर काय, २०० मीटर लिहिलेलं असलं तरी ते पाण्यापासून लांबच ठेवा.

पावसात काचेखाली वाफ धरली तर घड्याळ उन्हात किंवा तांदळाच्या डब्यात टाकू नका. उष्णतेने आतलं पाणी वाफ होऊन डायलवर आणि स्टीलच्या भागांवर पसरतं, आणि गंज एका रात्रीत सुरू होतो. त्याच दिवशी कारागिराकडे न्या. झाकण उघडून मशीन बाहेर काढायला आणि डायल-काटे उतरवून कोरड्या हवेत ठेवायला सांगा. तेलपाणी नंतर होईल. डायल मात्र कापडाने पुसू देऊ नका. ओल्या डायलवरची छपाई कापडाबरोबर निघून येते.